श्वानाची फिर्याद

देवस्थानच्या उत्पन्नाला कोणी हात लावला, किंवा मठाच्या गादीवर बसून कोणी अनाचार केला, की आपल्या समाजात एक वाक्य ठरलेले असते : ‘देव पाहून घेईल.’ देवाच्या काठीला आवाज नसतो, असेही वर सांगितले जाते. या उद्गारांत श्रद्धा किती आणि संकोच किती, हा प्रश्न ज्यांना व्यवसायाच्या निमित्ताने देवस्थानांचे कागद हाताळावे लागतात त्यांना वारंवार पडतो. धर्माधिकाऱ्याच्या अपराधाचा निवाडा आपल्या शास्त्रांनी खरोखरच सर्वस्वी परमेश्वरावर सोपविला आहे काय? की हा आपल्याच आळसाला आपण दिलेला शास्त्राधार आहे? या प्रश्नाचा विचार करण्यास रामायणाच्या उत्तरकांडातील एका खटल्याइतके चांगले साधन मला दुसरे दिसत नाही. हा खटला वाचकांपैकी अनेकांनी कीर्तनात ऐकला असेल. पण कीर्तनात त्याचा विनोद तेवढा सांगितला जातो आणि त्यातील कायदा राहून जातो.

राज्याभिषेकानंतर प्रभू रामचंद्र सभेत बसले आहेत. वसिष्ठ, कश्यप आदी ऋषी आणि मंत्री उपस्थित आहेत. राम लक्ष्मणास सांगतात की, दाराशी कोणी कार्यार्थी उभा आहे काय ते पाहा. लक्ष्मण पाहून येतो व कोणी नसल्याचे निवेदन करतो, कारण त्या राज्यात कोणाला दुःखच नव्हते. राम त्याला पुन्हा पाठवितात. या दुसऱ्या वेळी दाराशी एक कुत्रा उभा दिसतो. त्याचे डोके फुटलेले आहे. लक्ष्मण त्यास आत येण्यास सांगतो, तेव्हा तो म्हणतो की, देवालय, राजमंदिर आणि ब्राह्मणाचे घर या ठिकाणी अग्नी, इंद्र, सूर्य यांचा वास असतो. आमच्यासारख्या अधम योनीतील जीवाने तेथे परवानगीवाचून शिरू नये. राजाची आज्ञा आण, मग मी येतो. आज्ञा येते. फिर्यादी राजासमोर उभा राहतो आणि प्रथम राजधर्माविषयी थोडे बोलून मग आपले गाऱ्हाणे मांडतो : सर्वार्थसिद्ध नावाच्या भिक्षू ब्राह्मणाने मला काही अपराध नसता मारले.

प्रतिवादीस बोलावणे जाते. तो येतो आणि काहीही न लपविता सांगतो की, भिक्षेची वेळ टळून गेली होती, मी भुकेने व्याकूळ होऊन हिंडत होतो, हा वाटेच्या मध्ये उभा होता. ‘जा, जा’ म्हटले तरी हा नीट बाजूस होईना. क्रोध अनावर झाला व मी प्रहार केला. मी अपराधी आहे, मला शासन करा. राजाने शासन केल्यावर मला नरकाचे भय राहणार नाही. असा स्वच्छ कबुलीजबाब आजच्या न्यायालयात क्वचितच ऐकावयास मिळतो. खरी अडचण मात्र यापुढे आहे. शिक्षा कोणती द्यावी, असे राम सभेस विचारतात. सभेत शास्त्र जाणणारे बसलेले आहेत, आणि त्यांचे मत एकच पडते : ब्राह्मण अवध्य आहे, त्यास दंड करता येत नाही.

म्हणजे स्थिती अशी झाली : फिर्याद सिद्ध, गुन्हा कबूल, न्यायाधीश साक्षात मर्यादापुरुषोत्तम, आणि तरीही न्यायासनाचे हात बांधलेले. तेव्हा फिर्यादीच मार्ग सुचवितो. तो म्हणतो, आपण मजवर प्रसन्न असाल तर या ब्राह्मणास कालंजर येथील मठाचे कुलपतिपद द्यावे. त्याप्रमाणे सर्वार्थसिद्धास अभिषेक होतो आणि हत्तीच्या खांद्यावर बसवून त्याची रवानगी होते. तो आनंदात निघून जातो. मंत्री हसू लागतात. हा शाप कसला, हा तर वर झाला. राम त्यांस म्हणतात, याचे मर्म तुम्हांस कळलेले नाही. या श्वानास ते ठाऊक आहे.

मग श्वान आपली पूर्वकथा सांगतो. मी पूर्वी त्याच मठाचा कुलपती होतो. देवांचे व ब्राह्मणांचे पूजन झाल्यावर उरेल ते मी खात असे, दासदासींना वाटा देत असे, देवद्रव्याचे रक्षण करीत असे, विनयाने वागत असे. आणि तरीही मला ही योनी प्राप्त झाली. मग हा क्रोधी, निर्दय आणि अडाणी मनुष्य त्या जागी बसल्यावर काय होईल? तो आपल्या मागील सात आणि पुढील सात पिढ्या बुडवील. ज्याला पुत्र, पशू व बांधव यांसह नरकात पाठवावयाचे असेल त्याला देवांवर, गाईंवर आणि ब्राह्मणांवर अधिकारी नेमावे. जो देवद्रव्य, ब्राह्मणाचे धन, स्त्रीचे धन आणि बालकांचे धन हरण करतो, त्याला अवीची नावाचा नरक आहे.

कायद्याच्या दृष्टीने या निवाड्यातील शिक्षा ही नेमणूकच आहे, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. ज्या सभेने दंडाचा मार्ग बंद केला त्याच सभेसमोर श्वानाने दाखवून दिले की, धर्मपदाला स्वतःची अशी एक दंडव्यवस्था जोडलेली आहे. सामान्य माणसाच्या हातून रस्त्यावर घडलेला प्रहार एक वेळ क्षम्य होईल. तोच क्रोधी स्वभाव देवाच्या कोठाराशी नेऊन बसविला की त्याचा हिशेब चौदा पिढ्यांपर्यंत पोचतो. अधिकार जेवढा मोठा तेवढी जबाबदारी मोठी, हे तत्त्व येथे विनोदाच्या वेषात आले आहे.

हे सर्ग अनेक छापील आवृत्त्यांत ‘प्रक्षिप्त’ अशी खूण करून दिलेले असतात, आणि बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने जी चिकित्सित आवृत्ती १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली तिच्या मूळ संहितेत त्यांना स्थान मिळालेले नाही. कथा वाल्मीकींची नाही एवढे सिद्ध झाल्याने तिचे महत्त्व उणावते असे मात्र मला वाटत नाही. इतिहासाच्या दृष्टीने ते वाढते. मूळ ग्रंथकाराला न सुचलेली कथा कोणा उत्तरकालीन पुरुषाला आदिकाव्यात घालावीशी वाटली, याचा अर्थ त्याच्या डोळ्यांसमोर काही कुलपती होते. मठाचा कारभार आतून पाहिल्यावाचून अशी फिर्याद लिहिता येत नाही.

याच्या थोडेसे आधी, त्याच उत्तरकांडात, नृग राजाची कथा राम लक्ष्मणास सांगतात. भागवतातील नृगाने एकाची गाय चुकून दुसऱ्यास दान दिली म्हणून तो सरडा झाला, हे सर्वांस ठाऊक आहे. रामायणातील कथेत जोर वेगळ्या ठिकाणी आहे. गाईसाठी भांडणारे दोन ब्राह्मण राजाच्या दाराशी कित्येक दिवस तिष्ठत राहिले, त्यांना राजाची भेटच मिळाली नाही, आणि म्हणून त्यांनी शाप दिला. दाता म्हणून नृगाची चूक लहान होती. न्यायाधीश म्हणून त्याने दार उघडले नाही, हा अपराध मोठा ठरला. शाप मिळाल्यावर त्याने पाऊस, थंडी आणि ऊन यांपासून रक्षणासाठी तीन विवरे खणवून घेतली व आपल्या पुत्राला गादीवर बसवून तो त्यांत शिरला. राम लक्ष्मणास दाराशी एकदा नव्हे, दोनदा का पाठवितात, याचे उत्तर या कथेत आहे. ज्या न्यायासनाचे दार बंद राहते त्याच्यावरही वरचे न्यायासन आहे. महाभारताच्या आदिपर्वात तर खुद्द धर्मराजालाही हा नियम लागू झाला : माण्डव्य ऋषींना बालपणीच्या क्षुल्लक अपराधासाठी सुळाची शिक्षा भोगावयास लावली म्हणून त्यांनी यमधर्माला शाप दिला, आणि त्याला विदुराच्या रूपाने जन्म घ्यावा लागला. चौदा वर्षांखालील मुलाच्या कृत्यास पातक मानू नये अशी मर्यादा त्याच प्रसंगी माण्डव्यांनी घालून दिली, ही गोष्ट फौजदारी कायद्याच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता स्मृतींकडे वळू. येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात ब्राह्मणाला, त्याने कोणतेही पाप केले असले तरी, देहदंड देऊ नये असे स्पष्ट सांगितले आहे. रामाच्या सभेतील ऋषींनी जे मत दिले त्याचा उगम याच विचारात आहे. जन्मावरून शिक्षेत भेद करणारी ही व्यवस्था आजच्या विधिविचाराला मान्य होणारी नाही, आणि तिचे समर्थन करण्याचा खटाटोप मी करणार नाही. परंतु त्याच अध्यायात थोडे अलीकडे चोरीच्या पातकाचे एक कोष्टक आहे, आणि ते नेमके उलट्या दिशेने जाते. चोरीचा दोष शूद्राला आठपट, वैश्याला सोळापट, क्षत्रियाला बत्तीसपट आणि ब्राह्मणाला चौसष्टपट. किंबहुना शंभरपट, अथवा चौसष्टाच्या दुप्पट, म्हणजे एकशे अठ्ठावीसपट. याचे कारणही ग्रंथकार देतो : त्याला बऱ्यावाइटाची जाण असते म्हणून. आणि त्याच्या लगत आधी राजासंबंधी नियम आहे की, ज्या अपराधास सामान्य मनुष्याला एक कार्षापण दंड, त्यास राजाला सहस्र. एकाच अध्यायात विशेष सवलत आणि विशेष दायित्व अशी दोन्ही तत्त्वे नांदतात. पुढील काळातील धर्मसत्तेने सवलतीचे वचन पाठ केले आणि कोष्टक विसरले, हा दोष ग्रंथापेक्षा वाचणाऱ्यांचा अधिक आहे.

देवद्रव्याविषयी अकराव्या अध्यायात जे सांगितले आहे ते याहून तिखट आहे. जो लोभाने देवाचे किंवा ब्राह्मणाचे धन नष्ट करतो तो पापी परलोकी गिधाडाच्या उष्ट्यावर जगतो. या शिक्षेतील औचित्य वाचकांनी पाहावे. देवाच्या नैवेद्यावर ज्याने अन्यायाने ताव मारला, त्याच्या पानात गिधाडाने टाकलेले अन्न येते. नवव्या अध्यायात मात्र परलोकाची वाट पाहिलेली नाही. राजाचे कोठार, शस्त्रागार आणि देवालय फोडणाऱ्यास राजाने विचार करीत न बसता मृत्युदंड द्यावा, असे तेथे स्पष्ट आहे. कौटिल्यानेही देवाचे पशू, मूर्ती, शेत, घर, सोने, रत्ने व धान्य यांचा अपहार करणाऱ्यास उत्तम साहस दंड किंवा शुद्ध वध अशी शिक्षा सांगितली आहे. अर्थात तोच कौटिल्य, राजाचा खजिना रिता झाला असता देवताध्यक्षाने देवळांचे द्रव्य कसे गोळा करावे आणि भाविकांच्या भोळेपणाचा कसा उपयोग करावा, हेही निर्विकारपणे शिकवितो. देवाच्या धनावर पुजाऱ्याप्रमाणे राजाचीही दृष्टी असते, याची इतकी प्रांजळ कबुली दुसऱ्या कोणत्याही शास्त्रकाराने दिलेली नसेल.

चोरी करणारा एक, आणि चोरीला धर्माचे वस्त्र पांघरणारा दुसरा. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मनूने ‘बैडालव्रतिक’, म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला, आणि ‘बकव्रती’, म्हणजे बगळ्याचे व्रत घेतलेला, अशी नावे दिली आहेत. धर्माचा ध्वज उंच धरून लोभाने वागणारा, मान खाली घालून स्वार्थ साधणारा असे त्याचे वर्णन आहे. अशास पाणीसुद्धा देऊ नये, अशी आज्ञा आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, न्यायाने मिळविलेले धनही अशाला दिले तर देणारा आणि घेणारा असे दोघेही दगडाच्या नावेत बसून पाण्यात उतरल्याप्रमाणे बुडतात. दात्याचा यात काय दोष, असे कोणी म्हणेल. शास्त्र म्हणते, त्याने पारख केली नाही हा दोष. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी हात वर करून तप करणारे आणि शरण आलेले उंदीर एकेक करून खाणारे मांजर आहे. ती कथा दुर्योधन पांडवांना हिणविण्यासाठी सांगून पाठवितो, ही तिची विटंबना. पण तेच मांजर सातव्या शतकातील पल्लव शिल्पकारांनी महाबलिपुरम् येथील प्रचंड शिलाशिल्पात तपस्व्यांच्या मेळाव्यातच, पायांशी उंदीर घेऊन, उभे केले आहे. ते शिल्प अर्जुनाच्या तपाचे की गंगावतरणाचे, याविषयी पंडितांत वाद आहे, मांजराविषयी नाही.

हे सर्व ग्रंथातले झाले. व्यवहारात काय होते, ते ताम्रपट व शिलालेख सांगतात. देवाला जमीन देणारा राजा किंवा सामंत दानपत्राच्या शेवटी शापवचने घालीत असे. व्यासांच्या नावावर मोडणारी ही वचने भारताच्या सर्व भागांत शेकडो ताम्रपटांवर आढळतात. भूमिदान करणारा साठ हजार वर्षे स्वर्गात राहतो. ते दान हिरावून घेणारा आणि त्यास अनुमती देणारा तितकीच वर्षे नरकात राहतात, हे त्यांतील एक. ‘अनुमती देणारा’ हा शब्द मला नेहमी थांबवितो. दंडविधानात ज्याला अपप्रेरणा किंवा साहाय्य म्हणतात त्याचे हे प्राचीन रूप आहे, आणि त्याची व्याप्ती आजच्या कलमांपेक्षाही मोठी आहे. मौनालाही कधी कधी अनुमती म्हणतात, हे वकिलांस सांगावयास नको. सभेत बसून जमाखर्चावर डोळे मिटून सही करणारे किती जण या साठ हजार वर्षांच्या हिशेबात येतील, याची गणना मी करीत नाही.

उत्तर कोकणात शिलाहारांच्या आणि गोमंतकात कदंबांच्या काळी हे शापवचन दगडावर कोरले गेले, आणि अक्षर न ओळखणाऱ्यालाही ते समजावे म्हणून खाली चित्र आले. गद्धेगाळ म्हणून ओळखले जाणारे हे दगड आज शेताच्या बांधावर, देवळाच्या आवारात किंवा वस्तुसंग्रहालयात उभे असतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली दान मोडणाऱ्याच्या मातेला उद्देशून दिलेली शिवी. अलिबागेजवळच्या आक्षी येथील गद्धेगाळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा मानला जातो आणि मराठीतील सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. देवी महालक्ष्मीच्या सेवेची तरतूद हा त्याचा विषय. मराठी भाषेच्या आरंभकाळच्या कागदपत्रांतच देवाचे उत्पन्न खाणाऱ्याला दिलेली शिवी असावी, यात लाज वाटण्यासारखे मला काही दिसत नाही. शिवी अशिष्ट आहे खरी, आणि अपराध पुरुषाचा असता ती स्त्रीवर काढली आहे ही त्या काळाची नीचता. परंतु तिच्यामागची विधिविषयक जाणीव साधी आहे. दान देणाऱ्याला ठाऊक होते की, आपण मेल्यावर या दानाचे रक्षण करणारे न्यायालय असेलच असे नाही. राजवंश बदलेल, कागद गहाळ होईल. जेथे हुकूमनामा पोचत नाही तेथे शाप पोचवावा लागतो. म्हणून या शापांकडे मी अविश्वासाचे दस्तऐवज म्हणून पाहतो. अपहार ठिकठिकाणी होत नसता तर इतका दगड कोणी खर्चिला नसता.

येथवर एक अवघड प्रश्न बाजूस राहिला. देवाचे धन चोरीला गेले तर फिर्याद कोणाची? मालक कोण? मीमांसकांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना शबरस्वामी म्हणतात की, ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ हे बोलणे गौण अर्थाचे आहे. जो मालक असतो तो आपल्या वस्तूचा इच्छेप्रमाणे विनियोग करतो, देव तसा करीत नाही. देवाला उद्देशून जे सोडले त्यावर देवाचे परिचारक निर्वाह करतात. मनूवर भाष्य लिहिणाऱ्या मेधातिथीचेही मत याच वळणाचे आहे. यज्ञविचाराच्या दृष्टीने हा सिद्धांत निर्दोष असेल. पण पुजाऱ्याच्या हाती तो पडला म्हणजे त्याचे सोयीस्कर रूपांतर होते. देव मालक नाही, दात्याने तर हक्क सोडला, मग उरलो आम्ही.

हेच म्हणणे एकोणिसाव्या शतकात डाकोरच्या सेवकांनी न्यायालयात मांडले. गुजरातेतील डाकोरचे रणछोडरायांचे आजचे मंदिर १७७२ साली पेशव्यांचे सराफ गोपाळ जगन्नाथ तांबेकर यांनी बांधले. सेवा करणाऱ्या ब्राह्मण घराण्यांकडे, म्हणजे सेवकांकडे, वंशपरंपरेने पूजा होती व त्यांच्या हाती यात्रेकरूंच्या देणग्यांचे द्रव्य येत असे. या द्रव्याचा हिशेब मागणारा दावा मनोहर गणेश तांबेकर आदींनी लावला. प्रतिवादी सेवकांचा बचाव असा की, देवापुढे आलेले द्रव्य आमचे आहे, त्याचा जाब आम्ही कोणास देणे लागत नाही. १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती वेस्ट यांनी दिलेला निर्णय हिंदू देवस्थानांच्या कायद्यात आजही आधारभूत मानला जातो. रोमन कायद्याप्रमाणेच हिंदू कायद्यालाही धर्मदाय संस्था ही स्वतंत्र विधिमान्य व्यक्ती म्हणून ठाऊक आहे. भाविक देतो ते देवाला देतो, सेवकाच्या खिशात टाकीत नाही. आणि जो कायदा देवस्थानाचे बाहेरच्या हल्ल्यापासून रक्षण करतो तोच आतल्या गैरव्यवस्थेपासूनही करतो, असा त्याचा आशय. सेवक विश्वस्ताप्रमाणे जबाबदार ठरले. प्रकरण पुढे प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि १८९९ मध्ये त्या न्यायासनाने संस्थेची चालत आलेली वहिवाट व सेवकांचे स्थान ध्यानात घेऊन व्यवस्थेची योजना आखण्याचा मार्ग मान्य केला. ज्याला शबराने गौण अर्थ म्हटले होते, त्या ‘देवाच्या शेता’ला न्यायालयाने मुख्य अर्थ दिला, आणि गंमत अशी की, त्यामुळे शबराच्या पक्षापेक्षा गद्धेगाळ कोरणाऱ्याचा पक्ष खरा ठरला. दान देणारा सामान्य माणूस नेहमी असेच मानीत आला होता.

मठाधिपतींचा प्रश्न थोडा निराळा आहे. १९२१ मध्ये विद्यावरुथी तीर्थ यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की, महंत हा इंग्रजी कायद्यातील अर्थाने विश्वस्त नव्हे, कारण त्याला संस्थेच्या उत्पन्नात स्वतःचाही काही अधिकार असतो. तथापि गैरव्यवस्थेसाठी तो विश्वस्ताप्रमाणेच उत्तरदायी आहे. १९५४ मध्ये शिरूर मठाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महंतपदात अधिकार आणि मालमत्ता ही दोन्ही अंगे एकत्र असल्याचे सांगितले. आता श्वानाची साक्ष पुन्हा आठवावी : शेष राहील ते मी खात असे, सेवकांना वाटा देत असे, देवद्रव्य राखीत असे. उपभोग आहे, पण उरल्यावर. अधिकार आहे, पण हिशेबासह. प्रिव्ही कौन्सिलला हे ठरविण्यास अनेक पाने लागली.

फिर्याद कोणी करावी याचे उत्तर १९६७ मध्ये विश्वनाथ विरुद्ध ठाकूर राधाबल्लभजी या निर्णयात मिळाले. देवाचा व्यवस्थापकच देवाच्या मालमत्तेची विल्हेवाट लावू लागला तर सामान्य उपासकही देवाच्या वतीने दावा लावू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. सभेच्या दाराशी उभा असलेला तो अनधिकारी जीव येथे विधिमान्य फिर्यादी झाला. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील देवस्थान जमिनींच्या प्रकरणात, ज्यात इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना ओळखीचे वाटतील असे प्रश्न आहेत, त्याच न्यायालयाने सांगितले की पुजारी हा जमिनीचा मालक नव्हे. मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव असावे.

गोमंतकात या प्रश्नाची मांडणी पोर्तुगीज अमदानीत वेगळ्या तऱ्हेने झाली. १८८६ च्या माझानिया विनियमाने आणि पुढे १९३३ च्या देवस्थान विनियमाने देवळाचा कारभार महाजनांच्या हाती ठेवला, त्यांची नावनिशी करविली, निवडून आलेल्या समितीत अध्यक्ष, चिटणीस, मुखत्यार, खजिनदार नेमले, अंदाजपत्रक आणि हिशेब आवश्यक केले व मामलेदाराची देखरेख ठेवली. परधर्मी राज्यकर्त्याने हिंदूंच्या देवाचा हिशेब तपासावा हे विचित्र खरे. पण तो तपासला गेला. त्यातील उणीव दुसरीकडे आहे. हिशेब मागण्याचा हक्क महाजनांच्या यादीत नाव असणाऱ्यालाच. ज्यांचे कुलदैवत तेच, जे पालखीपुढे चालतात, देवाची सेवा पिढ्यान्‌पिढ्या करतात, पण यादीत नाहीत, त्यांना राजाज्ञेची वाट पाहत दारातच उभे राहावे लागते. पंढरपुरात बडवे-उत्पात यांच्या वंशपरंपरागत हक्कांचा निकाल लावणारा कायदा १९७३ मध्ये झाला. त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयात संपला तो जानेवारी २०१४ मध्ये. या चाळीस वर्षांत किती वारकऱ्यांनी वारी केली आणि किती जण निकाल न ऐकता गेले! नृग राजाची विवरे आठवतात ती अशा वेळी.

एका गोष्टीचा उलगडा मात्र मला अद्याप झालेला नाही. श्वान आपल्या साक्षीत सांगतो की, मी सर्व नियम पाळले, देवद्रव्य राखले, आणि तरीही या योनीत आलो. मग त्याला शिक्षा कशाची? तो खोटे बोलत नाही. रामासमोर त्याला तसे करण्याचे कारण नाही, आणि सभेत कोणी त्याची उलटतपासणीही घेत नाही. कथाकाराने कारण सांगितलेले नाही. कदाचित त्याच्या नजरेआड सेवकांनी काही केले असेल आणि कुलपती म्हणून ते त्याच्या खाती जमा झाले असेल. कदाचित देवाचे उच्छिष्ट खातानाही हाताला जो स्पर्श घडतो तोच पुरेसा मानला असेल. कदाचित अशा जागी बसून कोणीही पूर्ण निर्दोष राहू शकत नाही, एवढेच कथाकाराला सुचवावयाचे असेल. पहिला तर्क कायद्याला धरून आहे, तिसरा अनुभवाला. साक्ष संपल्यावर श्वान आला तसा निघून गेला. वाराणसीस जाऊन त्याने अन्नपाणी सोडले, असे काव्यात सांगितले आहे. हत्तीवर बसून कालंजरास गेलेल्या सर्वार्थसिद्धाचे पुढे काय झाले, ते तेथे नाही.